आधी शब्द, मग हादरा

मध्यमवर्गीय घरात होम थिएटर येते ते बहुधा दिवाळीच्या किंवा नव्या फ्लॅटच्या निमित्ताने, आणि त्याच्या निवडीचा निकष जवळजवळ सर्वत्र एकच असतो : दणका. दुकानातील अर्धवट अंधाऱ्या खोलीत एखाद्या युद्धपटातील स्फोट किंवा अंतराळयानाचे उड्डाण दाखवले जाते, पायाखालची जमीन कंप पावते आणि ग्राहकाच्या मुद्रेवर सौदा पटल्याचे समाधान उमटते. त्या दोन मिनिटांत पडद्यावरचे कोणी एक वाक्यसुद्धा बोलत नाही, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. घरी आल्यावर मात्र आपण पाहतो ती बव्हंशी बोलणारी माणसे : बातम्या, मालिका, नाटकांची चित्रमुद्रणे, कौटुंबिक चित्रपट. मग तक्रार सुरू होते, "आवाज पुष्कळ आहे, पण बोलतात काय ते कळत नाही."

या तक्रारीत मला व्यवसायाने रस आहे, आणि छंदानेही. गेली काही वर्षे स्नेह्यांना स्पीकर निवडून देण्याचे बिनफीचे काम आपसूकच माझ्याकडे आले आहे. त्या अनुभवातून माझा एक आग्रह तयार झाला. खर्चाला मर्यादा असेल (आणि ती कोणाला नसते?) तर पैसा आधी शब्दांवर घालावा, सबवूफरवर नंतर, आणि सबवूफर घ्यायचाच तर त्याच्या आकाराइतकाच त्याच्या जागेचा विचार करावा. कंपन्यांची नावे मी घेणार नाही. मॉडेले भराभर बदलतात. शिवाय औषधे जेनेरिक नावाने लिहा असे आपल्याला सगळेच सांगत असतात, तर निदान इथे तो उपदेश पाळू.

हा दणका चित्रपटांत आला कुठून, ते थोडक्यात सांगते. १९७४ सालच्या 'अर्थक्वेक' या हॉलिवूडपटासाठी काही चित्रगृहांत 'सेन्सराउंड' नावाची यंत्रणा बसवण्यात आली. भूकंप प्रेक्षकाला ऐकू यावा त्यापेक्षा अंगाला जाणवावा, हा तिचा हेतू होता. आपल्याकडे १९७५ मध्ये 'शोले' ७० मिलिमीटर आणि स्टिरिओफोनिक ध्वनी घेऊन आला. पुढे १९९२ च्या 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर डॉल्बी डिजिटल आणि १९९३ च्या 'ज्युरासिक पार्क'बरोबर डीटीएस ही अंकीय ध्वनिपद्धती चित्रगृहांत आली, आणि डीव्हीडीच्या वाटेने '५.१' हा आकडा आपल्या दिवाणखान्यात पोहोचला. (ज्यांचे नाव या यंत्रांवर छापलेले असते ते रे डॉल्बी १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रसंघाचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होते, आणि १९६५ मध्येच त्यांनी लंडनला आपली कंपनी काढली, हे फार थोड्यांना ठाऊक असते.)

या आकड्यातील '५' म्हणजे डावा, मधला, उजवा आणि बाजूचे किंवा मागचे दोन स्पीकर. 'दशांश एक' म्हणजे केवळ खालच्या पट्टीतील खास परिणामांसाठी ठेवलेली, साधारण १२० हर्ट्झपर्यंतची अरुंद वाहिनी. संवाद जवळजवळ सगळे मधल्या वाहिनीत असतात. म्हणजे ज्यांनी ही पद्धत रचली त्यांच्या लेखी सबवूफरची वाहिनी फोडणीतल्या हिंगासारखी होती. आपल्या बाजारात मात्र हिंगाची पिशवी मोठी आणि भात चार शिते, असे पाकीट विकले जाते.

ते पाकीट म्हणजे एकाच खोक्यात मिळणारा स्वस्त संच. त्यात पाच इवलेसे स्पीकर असतात, प्रत्येकाचा शंकू अडीच-तीन इंचांचा. आणि एक दांडगा सबवूफर. एवढ्याशा शंकूला साधारण १५० ते २०० हर्ट्झच्या खालचे स्वर नीट काढता येत नाहीत, म्हणून ते सगळे सबवूफरकडे ढकलले जातात. आता पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर सर्वसाधारणपणे ८५ ते १५५ हर्ट्झच्या दरम्यान असतो. आवाज कोणत्या दिशेने येतो हे ८० हर्ट्झच्या खाली आपल्या कानांना फारसे उमगत नाही. त्याच्या वर मात्र चांगले उमगते. परिणामी नायकाचे डोके पडद्यावर बोलते आणि त्याची छाती खोलीच्या कोपऱ्यातून घुमते. हा दोष कोणत्याही बटणाने जात नाही.

आता शब्दांकडे वळते. बोलण्याचा जोर स्वरांत असतो, अर्थ मात्र पुष्कळसा व्यंजनांत असतो. स्वरांची ऊर्जा मुख्यतः १००० हर्ट्झच्या खाली असते. स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांची २००० हर्ट्झच्या वर, आणि ती फार क्षीण असते. वार्धक्यात श्रवण जाते ते प्रथम याच वरच्या टोकाकडून. माझ्या आईचे वय ८४ आहे. तिच्या ऑडिओग्रामचा आलेख ५०० हर्ट्झपर्यंत आपल्यासारखाच चालतो आणि ४००० हर्ट्झला ६० डेसिबलपर्यंत घसरतो. शेजारच्या स्वयंपाकघरातला मिक्सर तिला ऐकू येतो, पण मालिकेतल्या बाळाला 'ताप' आला की 'साप' आला, हे ती चेहऱ्यांवरून ठरवते. सानंदच्या नाटकांना वर्षानुवर्षे हौसेने जाणारी ही बाई घरातल्या टीव्हीपुढे मात्र हळूहळू गप्प होत गेली. "तुम्ही बघा, मला नंतर सांगा" हे वाक्य तुमच्याही घरी कोणीतरी म्हणत असेल.

अशा वेळी आपण आवाज वाढवतो, आणि नेमके उलटे घडते. कानाचा एक जुना, सुपरिचित गुणधर्म असा की खालच्या पट्टीतील मोठा आवाज वरच्या पट्टीतील क्षीण आवाजाला झाकून टाकतो. वरचा खालच्याला तितका झाकत नाही. त्यामुळे घुमणारा सबवूफर हा व्यंजनांचा वैरी ठरतो. आवाज जितका वाढवावा तितकी घुमक वाढते आणि शब्द तिच्याखाली दबतात.

घरातल्या लहान मुलाचीही अडचण जवळजवळ हीच असते, मात्र तिचे कारण वेगळे. त्याचे कान उत्तम असतात, पण गोंगाटातून शब्द वेचून काढण्याची मेंदूची क्षमता पौगंडावस्थेपर्यंत परिपक्व होत असते. अर्धवट ऐकू आलेला शब्द आपण शब्दसंग्रहाच्या बळावर पुरा करतो. तीन वर्षांच्या मुलाजवळ ती शिल्लक नसते. म्हणून आजी आणि नातू एका सोफ्यावर बसले असता दोघांनाही गरज असते ती स्वच्छ, समोरून येणाऱ्या, मध्यम आवाजातल्या बोलण्याची. यंत्रणा निवडताना मी या दोघांना डोळ्यांपुढे ठेवते. मधल्या पिढीला कशावरही भागवता येते.

यावर व्यावहारिक उपाय कोणता? खोली लहान असेल आणि समोर दोघे-तिघेच बसत असतील, तर पाच दुबळ्या स्पीकरांपेक्षा दोन चांगले बुकशेल्फ स्पीकर केव्हाही श्रेयस्कर. पाच ते साडेसहा इंचांचा वूफर आणि वेगळा ट्वीटर, एवढे त्यात असावे. दोघांच्या बरोबर मध्ये बसले की संवाद पडद्याच्या मध्यातून आल्यासारखे वाटतात. पण सोफ्याच्या टोकाला बसणाऱ्याच्या दृष्टीने हा आभास मोडतो आणि सगळे बोलणे जवळच्या स्पीकरमधून येऊ लागते. पाच-सहा माणसे आडवीतिडवी बसणाऱ्या आपल्या घरांत म्हणूनच मधला स्पीकर लागतो. तो पुढच्या जोडीच्याच मालिकेतला घ्यावा. नाहीतर डावीकडून उजवीकडे चालत जाणाऱ्या पात्राचा आवाज मध्येच सर्दी झाल्यासारखा बदलतो. बाजारात मिळणारे आडवे मधले स्पीकर बहुधा दोन वूफरांच्या मध्ये एक ट्वीटर अशा रचनेचे असतात. ते समोरून ठीक वाटतात, पण बाजूला बसणाऱ्याकडे पोहोचताना त्या दोन वूफरांचे आवाज काही पट्ट्यांत एकमेकांना खोडतात. एकच उभा बुकशेल्फ स्पीकर मध्ये ठेवता आला तर तो उत्तम. नाही जमले तर आडवाच, पण टीव्हीच्या कपाटाच्या खणात आत ढकलून नव्हे. अगदी कडेवर, आणि खाली असेल तर पुढून किंचित उचलून, बसलेल्या माणसाच्या कानाकडे तोंड करून. रबराचे दोन तुकडे पुढच्या कडेखाली सरकवण्याला खर्च काही नाही, आणि माझ्या पाहण्यात याहून स्वस्त सुधारणा दुसरी नाही.

माझ्या हिशेबाने शंभर रुपयांतले पंचेचाळीस पुढच्या तीन स्पीकरांवर, पंचवीस रिसीव्हरवर, पंचवीस सबवूफरवर आणि उरलेले तारा-स्टँड यांवर जावेत. मागच्या दोघांचा विचार प्रथम करूच नये. हे प्रमाण म्हणजे काही संहिता नव्हे, पण सबवूफरचा वाटा एक-तृतीयांशाच्या वर गेला की मला शंका येते. तारांवर हजारो रुपये घालण्याचे कारण नाही. आपल्या महाराणी रोडवर विजेच्या दुकानात मिळणारी दीड चौरस मिलिमीटरची, शुद्ध तांब्याची, लवचीक तार दिवाणखान्याला पुरेशी असते. फक्त ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची नाही ना, एवढे सोलून पाहावे.

वॅटच्या आकड्यांची भूल तर फार जुनी आहे. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही टेपरेकॉर्डरएवढ्या यंत्रावर हजारो वॅट 'पीएमपीओ' असे सोनेरी अक्षरांत छापलेले असे. त्या आकड्याला कोणतेही सर्वमान्य मोजमाप नव्हते. पाहायचा तो 'आरएमएस', म्हणजे सातत्याने मिळणारी शक्ती, आणि त्याच्याबरोबर स्पीकरची संवेदनशीलता : एक वॅट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल. शक्ती दुप्पट केली तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, आणि तो दुप्पट भासायला जवळजवळ दहापट शक्ती लागते. म्हणजे पन्नास वॅट आणि शंभर वॅट यांत कानाला जाणवणारा फरक अगदी थोडा असतो. ८५ ऐवजी ८८ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर घेतला तर तेवढाच लाभ पदरात पडतो. घरात बोलण्याच्या पातळीवर ऐकताना आपण बहुतेक वेळ एका वॅटच्या आसपासच वावरत असतो. उरलेली शक्ती क्षणिक उसळ्यांसाठी राखून ठेवलेली असते.

मग सबवूफरला एवढी शक्ती का लागते? कारण खर्जाच्या बाबतीत आपला कान कंजूष आहे. १००० हर्ट्झचा स्वर दोन-तीन डेसिबललाच ऐकू येऊ लागतो. ४० हर्ट्झचा ऐकू येण्यासाठी सुमारे ५१ डेसिबल लागतात आणि २० हर्ट्झचा जवळजवळ ७८. शिवाय एक सप्तक खाली उतरून तितकाच जोर हवा असेल तर चौपट हवा हलवावी लागते. म्हणून लहान, स्वस्त सबवूफर खरा खर्ज देऊच शकत नाही. तो मग एक युक्ती करतो : ५०-६० हर्ट्झच्या आसपास एक उंचवटा तयार करतो आणि सगळा खर्ज त्या एकाच सुरात घुमवतो. आघात कसलाही असो, ऐकू येते ते 'धम'.

याची परीक्षा आपल्या संगीतावर फार चांगली होते. तबल्याच्या डग्ग्यावर मनगटाचा दाब देऊन वादक जी मींड काढतो, ती चांगल्या सबवूफरवर सरकताना ऐकू येते. सुमार सबवूफरवर तिचा नुसता ठोका उरतो. दुकानात जाताना एखादे तबलावादन बरोबर न्यावे. आपण इंदूरची माणसे, तेव्हा उस्ताद अमीर खाँसाहेबांचा एखादा विलंबित ख्यालही न्यावा. खाँसाहेब मंद्र सप्तकात ज्या धीराने उतरत, तिथे स्पीकर आणि सबवूफर यांचा सांधा कुठे आहे ते लगेच उघडे पडते. आवाजाचा पोत उतरताना बदलला, किंवा गवई एकाएकी खोलीच्या कोपऱ्यात जाऊन बसला असे वाटले, तर तो संच सोडून द्यावा. चित्रपटांतून न्यायचा तर मी 'श्वास' नेते. २००४ सालचा संदीप सावंत यांचा तो चित्रपट डोळ्याच्या कर्करोगामुळे दृष्टी गमावणार असलेल्या मुलाचा आणि त्याच्या आजोबांचा. आपणा डॉक्टरांना तो निराळा सांगायला नको. त्यात दणका नाही, पण हळू आवाजातले बोलणे आणि रुग्णालयातले साधे आवाज आहेत. ते कमी आवाजात, डोळे मिटून, सोफ्याच्या टोकाला बसून कळले पाहिजेत. भरगच्च वाद्यवृंदासाठी २०१६ चा 'सैराट' पाहावा. त्याचे संगीत लॉस एंजेलिसमध्ये मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित झाले होते, आणि सुमार स्पीकरवर त्यातली व्हायोलिने पत्र्यासारखी वाजतात.

दुकानदाराला हे सगळे मानवेलच असे नाही. एका दुकानात विक्रेता माझ्या पतींना वॅट सांगत होता आणि मला रंग. आमच्या ह्यांनी आयुष्यात टीव्हीची पिनसुद्धा काढलेली नाही. मी आवाज कमी करून बातम्या लावायला सांगितल्या तेव्हा तो कळवळून म्हणाला, "मैडम, इसमें तो पूरी बिल्डिंग हिल जाएगी, आप न्यूज़ सुन रही हैं!" बिल्डिंग हलू नये हीच माझी अपेक्षा आहे, हे त्याला शेवटपर्यंत पटले नाही.

पेटीच्या प्रकाराबद्दल दोन शब्द. बंद पेटीचा सबवूफर खाली उतरताना हळूहळू मंदावतो. नळी असलेला एका मर्यादेपर्यंत अधिक जोर देतो आणि तिच्याखाली झपाट्याने कोसळतो. त्याच किमतीत अधिक आवाज हवा तर नळीचा. लहान खोलीत स्वच्छता हवी तर बंद. बारा बाय पंधराच्या खोलीसाठी आठ किंवा दहा इंचांचा पुरतो. बारा इंचांचा घेऊन तो कायम दबक्या आवाजात चालवण्यात मला अर्थ दिसत नाही. जुने सामान घेणाऱ्याने शंकूभोवतीची कड बोटाने दाबून पाहावी. फोमची असेल तर आपल्या हवेत ती काही वर्षांत भुगा होते, रबराची टिकते.

आता जागेविषयी, कारण इथे पैसे न घालता सर्वाधिक मिळते. ४० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे साडेआठ मीटर, म्हणजे २८ फूट असते. आपली खोली तिच्याहून लहान. अशा लहरी समोरासमोरच्या भिंतींवर आपटून काही ठिकाणी साचतात आणि काही ठिकाणी एकमेकींना खोडतात. पंधरा फूट लांबीच्या खोलीत हे प्रथम ३७-३८ हर्ट्झला घडते, बारा फूट रुंदीत ४७ ला, दहा फूट उंचीच्या छताखाली ५६ ला. खोलीच्या ऐन मध्यावर बसणाऱ्याला यांतले काही स्वर जवळजवळ ऐकूच येत नाहीत आणि भिंतीला टेकलेल्याला ते नकोसे होतात. म्हणजे सबवूफर तोच, खोली तीच. पण आजोबा म्हणतात "फार घुमतो" आणि नातू म्हणतो "बास येतच नाही". दोघेही खरे बोलत असतात.

उपाय थोडा हास्यास्पद आहे, पण रामबाण. सबवूफर उचलून सोफ्यावर, आपण जिथे बसतो त्या जागी ठेवावा. खर्जाचे चालते-बोलते संगीत लावावे आणि स्वतः भिंतीकडेने गुडघ्यांवर रांगत, कान जमिनीपासून फूटभर उंचीवर ठेवून ऐकत जावे. जिथे प्रत्येक सूर सारख्या वजनाचा आणि सुटा ऐकू येईल, तीच सबवूफरची जागा. रांगण्याला विकासाचा टप्पा म्हणून आपण रोज महत्त्व देतो. पन्नाशीनंतर त्याचा हा उपयोग मला सापडला. कोपरा ही जोर वाढवणारी जागा आहे, गुण वाढवणारी नव्हे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी शेजाऱ्यांचाही विचार करावा. भिंत वरच्या पट्टीतला आवाज अडवते; वारंवारता निम्मी झाली की तिचे अडवणे सुमारे ६ डेसिबलने कमी होते. म्हणून आपले संवाद पलीकडे जात नाहीत, खर्ज तेवढा जातो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण ती 'ए' मापनात आहे, आणि त्या मापनात ४० हर्ट्झच्या आवाजातून जवळजवळ ३५ डेसिबल वजा धरले जातात. म्हणजे मापकावरचा आकडा निर्दोष आणि शेजारी रात्रभर बेचैन, असे सहज होऊ शकते. त्याच्या घरी तान्हे मूल किंवा शस्त्रक्रिया होऊन आलेला रुग्ण असेल तर कायद्याचा आकडा त्याच्या काय कामाचा? सामाईक भिंत टाळावी. सबवूफर सोफ्याच्या पाठीशी, अगदी जवळ ठेवून त्याचा आवाज कमी करावा. जवळ असल्याने आपल्याला पुरेसा मिळतो आणि पलीकडे कमी जातो. खाली जाड रबर किंवा फोम टाकल्याने स्लॅबमधून जाणारे कंप काहीसे घटतात. हवेतून जाणारा आवाज त्याने थांबत नाही.

मुलांच्या कानांचा प्रश्न मला पालक नेहमी विचारतात. वैयक्तिक श्रवणसाधनांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा प्रौढांना आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, आणि मुलांना तेवढ्याच वेळासाठी ७५ अशी आहे. घरासाठीही ती डोळ्यांपुढे ठेवायला हरकत नाही. चित्रगृहात प्रत्येक मुख्य वाहिनीची सरासरी पातळी ८५ डेसिबलवर बांधतात आणि उसळी १०५ पर्यंत जाते. ती पातळी घरात आणण्याचा हट्ट नको. सोफ्यावर ६५ ते ७० च्या दरम्यान संवाद उत्तम कळतात. मोबाइलवरचे मापक अंदाजापुरते चालते, पण खर्ज ते कमी दाखवते.

मात्र बहिरेपणाहून अधिक वेळा मला दिसते ते निराळेच : दिवसभर कोणीही न पाहता चालू असलेला पडदा. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, टीव्ही ऐकू येत असलेल्या दर तासामागे लहान मुलाच्या कानांवर पडणारे मोठ्यांचे शब्द सुमारे ७७० ने कमी झालेले आढळले. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन वर्षांखालील मुलांना, क्वचित व्हिडिओ कॉल वगळता, पडदा नकोच असे सांगितले आहे. उत्तम स्पीकर घेतला म्हणजे तो सतत वाजता ठेवला पाहिजे असे नाही. आणखी एक, जे मी प्रत्येक घरी खाली वाकून तपासते : साउंडबार आणि छोट्या यंत्रांच्या रिमोटमध्ये पुष्कळदा नाण्यासारखी चपटी लिथियमची बॅटरी असते. ती गिळली जाऊन अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत गंभीर इजा करू शकते. तिचे झाकण स्क्रूने बंद होणारे नसेल तर तो रिमोट घरात नको. गिळल्याची नुसती शंका आली तरी एक्स-रेला उशीर नको. उंच स्टँडवरचे स्पीकर भिंतीला बांधून घ्यावेत. सबवूफरची नळी तर दोन वर्षांच्या मुलाला खेळणी लपवण्यासाठीच केली आहे असे वाटते. आमच्या एका स्नेह्यांच्या सबवूफरच्या खडखडाटाचे निदान दोन मोटारी आणि एक चमचा असे निघाले.

साउंडबारबद्दल विचाराल, तर लहान शयनगृहात किंवा एकट्या वृद्धाच्या खोलीत मधली वाहिनी स्वतंत्र असलेला, '३.१' असे लिहिलेला, मला चालतो. तारा नाहीत, रिमोट एक, आणि संवाद वर आणण्याचे बटण बहुधा असते. मोठ्या दिवाणखान्यात मात्र त्याच पैशांत दोन बुकशेल्फ अधिक देतात. ज्यांचे श्रवण खरोखर घसरले आहे त्यांना आधी कानाच्या डॉक्टरांकडे न्यावे. स्पीकर हा श्रवणयंत्राला पर्याय नव्हे. आईने यंत्र लावायला सुरुवात केली आणि आम्ही मधला स्पीकर बसवला, या दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात झाल्या. श्रेय कोणाचे किती, यावर घरात मतभेद आहेत. ती आता मालिकेतल्या सुनेला मोठ्याने उत्तरे देते, एवढे खरे.

जोडणी झाल्यावर रिसीव्हरमध्ये सगळे स्पीकर 'स्मॉल' ठरवावेत आणि सबवूफरकडे वळण्याची सीमा ८० हर्ट्झवर ठेवावी. सबवूफरच्या मागचे फेजचे बटण शून्य आणि १८० दोन्हींवर ऐकून, जिथे खर्ज भरीव वाटेल तिथे सोडावे. मधल्या स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवायला कोणाची परवानगी लागत नाही. रात्री 'नाइट मोड' लावला की मोठे आवाज दबतात आणि हळू बोलणे वर येते. टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकत असाल तर चित्रपटाचा ५.१ ऐवजी स्टिरिओ ध्वनी निवडून पाहावा. पुष्कळदा तेवढ्यानेही संवाद उघडतात. सतत गुणगुण येत असेल तर केबल टीव्हीची तार काढून पाहावी. तिच्या आणि घरच्या अर्थिंगमधील भेद हे नेहमीचे कारण असते, आणि त्यासाठी आयसोलेटर मिळतो. गुणगुण थांबते म्हणून प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर त्या इलेक्ट्रिशियनला नम्रपणे निरोप द्यावा.

मागचे दोन स्पीकर वर्ष-दोन वर्षांनी घेतले तरी चालतात. त्यांच्या तारांची नळी मात्र घराला रंग देण्यापूर्वीच भिंतीतून टाकून घ्यावी.